मगदूम अण्णांची सुनावणी

मगदूम अण्णांच्या खोलीतल्या साहेबाच्या खुर्चीत बसायला मला आवडायचं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. याहून मोठी एक गोष्ट आहे, तीही सांगितलेली नाही. ती आज सांगायची आहे. पण अण्णा हा काय माणूस आहे ते आधी कळलं नाही, तर माझ्या सांगण्यात काही दम उरणार नाही.

सांगलीजवळ माधवनगरला एका मागाच्या शेडवर पत्र्याची एक खोली आहे. खाली दिवसभर माग चालू असतात, त्यामुळे वर बोलायचं म्हणजे ओरडायचंच. खोलीत एक टेबल. टेबलामागे उंच पाठीची खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल. टेबलावर पितळी घंटी आणि एक जुना फोन, ज्याची वायर कुठंच जोडलेली नाही. टेबलाच्या अलीकडे एक प्लॅस्टिकची खुर्ची. तिचा एक पाय आखूड आहे. तो अण्णांनी स्वतः करवतीनं कापलाय.

"साहेबापुढची खुर्ची हालतीच रं," अण्णा म्हणायचे. "न हालणारी असली तरी आपल्याला हालल्यागत वाटतीया. सवय पायजे."

बसवराज मगदूम सरकारी आरोग्य योजनेत तालुक्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते. मी शेजारच्या तालुक्यात तेच. तालुक्यांची नावं मुद्दाम घेत नाही. माणसं अजून नोकरीत आहेत. लसीकरणाचं नियोजन, औषधांचा साठा, उपकेंद्रांवरच्या सिस्टर लोकांच्या हजेऱ्या आणि वर पाठवायचे अहवाल, हे आमचं काम. पदाचं नाव मॅनेजर, नेमणूक अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवस खंड, मग नवी ऑर्डर. अशी वर्षानुवर्षं. सातारा-सांगली मिळून आमची एक संघटना होती. अण्णा तिचे सचिव. मी सहसचिव, म्हणजे सतरंजी घालणारा.

अण्णांचे वडील माधवनगरच्या गिरणीत होते. मुलानं मॅनेजर लोकांची युनियन काढली हे ऐकून म्हातारा दोन दिवस हसत होता म्हणे. "आरं, आमी म्यानेजरच्या इरुद्ध युनियन केली हुती! तुमी कुणाच्या इरुद्ध करताय?" अण्णांनी सांगितलं, "आमचा बी एक म्यानेजर असतोय, दादा. त्याच्यावर बी एक असतोय." त्यावर म्हातारा गंभीर होऊन म्हणाला होता, "मग लय वर जावं लागंल तुमाला."

त्या खंडाच्या एका दिवसावर अण्णांचा विशेष जीव. त्या दिवशी ते ऑफिसचा फोन उचलायचे, पण काम करायचे नाहीत. एकदा वरून फोन आला, अहवाल आत्ताच्या आत्ता हवा होता. अण्णा म्हणाले, "साहेब, आज मी तुमचा कोण? उद्या सकाळी दहाला मी परत मगदूम होणार हाय. तवा बोलू." साहेबानं फोन आपटला. अण्णांनी तो आपटल्याचा आवाज आम्हाला तोंडानं करून दाखवला. पुढं कितीतरी बैठकांत.

तर ती खोली. आमच्यातल्या कुणाला नोटीस आली, कुणाकडं खुलासा मागितला, कुणाला सुनावणीला बोलावलं, की त्याला अण्णांचा फोन जायचा, "आयतवारी माधवनगरला या. साहेब बसलाय." माणूस वडूजहून, जतहून, कुठून कुठून येणार, आणि अण्णा त्याला आधी जिन्यावर अर्धा-पाऊण तास उभं करणार. स्वतः आत शेंगदाणे खात बसायचे. "थांबवून ठेवणं हाच साहेबाचा पयला प्रश्न असतोय. जिन्यावर घाम फुटला तर तितंच नापास."

मग घंटी. माणूस आत आला की अण्णा मान वर करायचे नाहीत. आणि मान वर केली की तो माणूस अण्णा नसायचाच. माधवनगरची बोली जाऊन तिथं थंड, इस्त्रीची मराठी आलेली असायची. "बोला. थोडक्यात." समोरचा जरा रंगात आला की अण्णा तो मुका फोन उचलायचे. "हं सर, बोला. नाही नाही, मोकळाच आहे. एक जण बसलाय समोर. नाही, विशेष कुणी नाही." हे 'विशेष कुणी नाही' ऐकून चांगल्या चांगल्या माणसांचे कान लाल झालेले मी पाहिलेत. एक गडी तर उठून निघाला होता. अण्णांनी त्याला जिन्यातून परत आणला. "हितं उठलास ते बरं झालं. तितं उठला असतास तर?"

अण्णांच्या मते साहेब तीन प्रकारचे. एक घड्याळवाला, एक पेनवाला आणि एक गोड. घड्याळवाला तुमच्या वाक्याच्या मध्ये घड्याळ बघतो. पेनवाला पेनाचं टोपण काढतो, लावतो, काढतो, आणि तुम्ही टोपणाकडंच बघत राहता. "पर सगळ्यात बेकार गोड. च्या घेणार का म्हणतोय. घेतलास की मेलास. बशीचा आवाज हुतोय, हात थरथरतोय ते समद्यांस्नी दिसतंय."

नवा शर्ट घालून यायला बंदी. "नवा शर्ट मुलाखतीला. तू मागायला न्हाई, हक्काला आलाईस. धुतलेला घाल, बास." खुर्चीच्या काठावर बसलेलं त्यांना खपायचं नाही, टेकून बसायचं. आणि सगळ्यावर त्यांचं एकच पालुपद, "उत्तर दे गड्या, कारण देऊ नगंस. कारणं साहेबाकडं आपल्यापेक्षा जास्त असत्यात."

वडूजच्या जाधव मॅडम पहिल्या तालमीला रडल्या. दुसऱ्या तालमीला त्यांनी घंटी फेकून मारली. ती अण्णांच्या कानाजवळून गेली. प्रत्यक्ष साताऱ्याला सुनावणी झाली तेव्हा साहेब खरोखरच बरा माणूस निघाला. म्हणाला, "बसा मॅडम, चहा घेणार?" जाधव मॅडम ताडकन म्हणाल्या, "च्या नको. प्रश्न विचारा." साहेब इतका बावरला की प्रश्नच विसरला. मॅडमची नोकरी राहिली. अण्णांनी हा किस्सा वर्षभर सांगितला, आणि कानाजवळच्या जागेवरून हात फिरवत सांगितला.

तालीम संपली की अण्णा चष्मा काढायचे, टेबलाच्या अलीकडे यायचे आणि माणसाच्या पाठीवर हात ठेवून विचारायचे, "लय लागलं का रं?" मग कागदावर भडंग ओतायचे. तिखट भडंग खाताना डोळ्यांत पाणी आलं तर ते कशाचं हे कुणी विचारत नसे.

एक नियम मात्र कडक होता. त्या खोलीत खोटं बोलायचं नाही. प्रत्येकाला अण्णा शेवटी एकच प्रश्न विचारायचे, साहेबाच्या आवाजात, "तुमच्या रेकॉर्डमध्ये असं काय आहे, जे मला सापडलं तर तुम्ही इथून परत जाल?" माणसं सांगायची. कुणी दौऱ्यावर न जाता दौरा लिहिलेला, कुणी मागच्या वर्षाचा अहवाल तारीख बदलून पाठवलेला, कुणी बायकोच्या ऑपरेशनला गेलेला आणि मीटिंगला हजर दाखवलेला. सांगून झालं की अण्णा त्यावर उत्तर बसवून द्यायचे. दोन जिल्ह्यांतल्या मॅनेजरांच्या चुका त्या एका माणसाच्या पोटात होत्या. एकही कधी बाहेर आली नाही.

मग ते पत्र आलं.

पदं कमी करायची होती. दोन तालुक्यांना मिळून यापुढं एकच व्यवस्थापक. सोबत जोड्यांची यादी, आणि प्रत्येकाची वैयक्तिक सुनावणी साताऱ्याला. जोडीतला एक राहणार, एक जाणार. अण्णांनी खोलीत उभं राहून, मागांच्या आवाजावर आवाज चढवून यादी वाचली. माझं नाव आलं. त्याच्यापुढचं नाव वाचताना ते थांबले आणि मग मोठ्यांदा हसले.

"व्हय की! पवारा, आपलीच जोडी लागली रं!"

बाकीचे हसले नाहीत. मी हसलो असेन, आठवत नाही.

आम्ही साताऱ्याला उन्हात धरणं धरलं, निवेदन दिलं, ते घेतलं गेलं. पत्र जागच्या जागी राहिलं. घरी बायको एकदा ताट वाढताना म्हणाली, "आवं, अण्णांच्या मागं कोण हाय? बायको चिकोडीला माहेरी जाऊन इतकी वर्षं झाली. आपल्याला दोन पोरी हाईत."

"मग मी काय करू?" मी म्हणालो.

"मी काय करा म्हणले का?" ती म्हणाली आणि आत गेली.

अण्णांनी माझी तालीम घेतली. तीन रविवार. स्वतःच्या विरुद्ध मला तयार केलं, आणि त्यात एक तसूभर कसर ठेवली नाही. "मगदूम तुम्हाला सीनियर आहेत," ते साहेबाच्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला का ठेवावं?" मी खुर्चीच्या काठावर आलो. मग चष्मा काढून अण्णा म्हणाले, "आरं बोल की! म्हण, मगदूमचं काम चांगलं हाय, माझं बी चांगलं हाय. माझा भाग डोंगराचा, माझ्याकडं उपकेंद्रं जास्त. मला वाईट म्हणू नगंस. साहेबाला चुगली आवडती, चुगली करणारा आवडत न्हाई."

"अण्णा, तुमचं काय होणार?"

"माझं मी बघतो. तू टेकून बस आधी."

तिसऱ्या रविवारी, माझं झाल्यावर, ते जरा लाजल्यासारखं म्हणाले, "पवारा, एक काम हुतं. माझी तालीम आजपतूर कुणी घेतलीच न्हाई. तू साहेब हो की माझा."

मी टेबलामागे गेलो. टॉवेलला पाठ टेकली. अण्णा मुकाट्यानं खोलीबाहेर गेले आणि जिन्यावर उभे राहिले. मी त्यांना वीस मिनिटं उभं केलं. पाच मिनिटं पुरली असती. शेंगदाणे खाल्ले. खिडकीतून त्यांची टाळू दिसत होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. मी घंटी वाजवली आणि मान वर केली नाही. फोन उचलून म्हणालो, "विशेष कुणी नाही." अण्णांना कौतुक वाटलं, ओठ दाबून हसले. मला आवडत होतं. इतकी वर्षं त्या हलत्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते आवडणारच, असं मी नंतर स्वतःला समजावलं.

शेवटी मी त्यांचाच प्रश्न विचारला. "मगदूम, तुमच्या रेकॉर्डमध्ये असं काय आहे, जे मला सापडलं तर तुम्ही इथून परत जाल?"

खाली माग चालू होते. मग त्यांनी सांगितलं. खोलीचा नियम होता ना.

डोंगराकडेच्या एका उपकेंद्रावर आमच्यासारखीच कंत्राटी सिस्टर होती. सातव्या महिन्यात बाळंत झाली. मूल मिरजेला काचेच्या पेटीत. तिची रजा संपली. गैरहजर दाखवलं असतं तर पुढची ऑर्डर निघाली नसती. अण्णांनी तिला दोन महिने हजर दाखवलं. लसीकरणाच्या दिवशी शेजारच्या सिस्टरला पाठवायचे, रजिस्टरं सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन भरायचे.

"एक बी डोस चुकला न्हाई," अण्णा म्हणाले.

"हे तुमचं म्हणणं झालं," मी म्हणालो. "सही कुणाची आहे?"

"माझी."

"का केलंत?"

अण्णा साहेबाशी बोलायचं सोडून माझ्याशी बोलले. "पवारा, हे कारण सांगाय गेलो तर तिचं नाव येतंय. मग मी बी जातो आन् ती बी जाती. आन् साहेबापुढं मला बोलायला लागलं की थांबता येत न्हाई, ठाऊक हाय तुला. तू मला विचार. विचारतच ऱ्हा."

मी चार वेळा विचारलं. चौथ्या वेळी ते तिचं नाव न घेता थांबले. घाम पुसत म्हणाले, "जमलं." मी विचारलं, पोराचं काय झालं. "जगलं की! बालवाडीत जातंय आता. लय वांड हाय म्हणं." एवढं सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी फोनकडं बघितलं.

त्यानंतरच्या बुधवारी मी कागद द्यायला साताऱ्याला गेलो होतो. परत निघताना स्टँडवर फोन आला. ऑफिसातला एक वरचा माणूस होता. त्याचंही नाव घेत नाही. त्यानं फक्त विचारलं, सांगितलं मी. म्हणाला, "पवार, तुम्हा दोघांचं अगदी काठावर आहे. मगदूमांबद्दल काही असेल तर बोला. आपल्यात राहील." दुपारचे दोन वाजले होते. माझी गाडी लागली होती, कंडक्टरनं घंटी मारली. मी एक पाय पायरीवर ठेवून त्या गावाचं नाव घेतलं आणि म्हणालो, "तिथल्या उपकेंद्राची हजेरी बघा." एवढंच. फोन खिशात टाकला, खिडकीची जागा धरली. भूक लागली होती, हेही आठवतं.

सिस्टरचं नाव मी घेतलं नाही, असं मी बरेच दिवस मनाला सांगत होतो. त्या गावात सिस्टर एकच होती.

सुनावणीला आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो. अण्णा धुतलेला जुना शर्ट घालून, वेळेआधी तासभर आले होते. येताना माझ्यासाठी भडंगाची पुडी. "तुझं झाल्यावर खा. आधी खाल्लंस तर आवाज बसंल." मला आधी बोलावलं. सोपं गेलं. मगदूमांचं काम चांगलं आहे, माझंही आहे, असं मी म्हणालो. टेकून बसलो होतो.

मग अण्णा आत गेले. दार अर्ध्या उंचीचं होतं, आवाज बाहेर येत होता. साहेब पेनवाला होता. टोपणाचा टक टक आवाज मला बाकावर ऐकू येत होता. मग तो थांबला. कागद उलटल्याचा आवाज. आणि साहेबानं त्या गावाचं नाव घेतलं.

"दोन महिने. ही सही कुणाची आहे?"

बाकावर आणखी चौघं बसले होते, त्यांनी दाराकडं माना वळवल्या. त्या वेळी मला एकच भीती होती. अण्णांना आता कळेल. हे त्यांनी फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो बाहेर बाकावर बसला होता. दार उघडून ते माझ्याकडं बघतील, आणि मग मी कुठं बघू, हे मी ठरवत होतो.

"सही माझी आहे," अण्णांचा आवाज आला, स्वच्छ, इस्त्रीचा. "जबाबदारी माझी आहे. दुसऱ्या कुणाला यातलं काही माहीत नाही."

"कारण?"

"कारण देत नाही, साहेब."

"म्हणजे तुमचा खुलासा नाही?"

"उत्तर दिलं आहे."

टोपण लागल्याचा आवाज आला. नंतर सिस्टरला कुणी काही विचारलं नाही. जबाबदारी घेणारा माणूस मिळाल्यावर पुढं शोधायला कुणाला वेळ होता?

अण्णा बाहेर आले. मी उठून उभा राहिलो होतो. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले.

"पवारा! काय साहेब हाईस रं तू! शब्दाला शब्द! सही कुणाची म्हणला! तूच बसलाईस की काय आत असं वाटलं मला! तू तालीम घेतली नसतीस तर सिस्टरचं नाव घेऊन मोकळा झालो असतो बघ." बाकावरच्या लोकांकडं वळून म्हणाले, "ह्येनं घेतली माझी तालीम. ह्येनं!"

बाकावरच्या एकानं माझ्याशी हात मिळवला. मी मिळवला.

पंधरा दिवसांनी यादी लागली. मला पहिला फोन अण्णांचाच. "पवारसाहेब! पेढं आणू का भडंग?"

अण्णा आता त्याच शेडमध्ये मागांवर देखरेख करतात आणि संघटनेचे सल्लागार आहेत. तालमी चालूच आहेत, उलट वाढल्यात. पण साहेब ते होत नाहीत. "मी आता नोकरीत न्हाई. साहेब नोकरीतलाच पायजे, न्हाईतर भ्या वाटत न्हाई," असं म्हणून त्यांनी ती खुर्ची मला दिली. महिन्यातून दोन रविवार मी एसटीनं सांगली आणि तिथून रिक्षानं माधवनगर गाठतो, टॉवेलला पाठ टेकतो, घंटी वाजवतो. प्रत्येक नव्या माणसाला जिन्यावर अण्णा माझी गोष्ट सांगतात. मला आत ऐकू येते, कारण ते मागांच्या आवाजावर ओरडून सांगत असतात. सांगण्यात कधी फरक पडत नाही. "त्येच्या तोंडातनं निघाला तोच प्रश्न साहेबाच्या तोंडातनं निघाला!" माणसं आत येतात ती आधीच मला घाबरून.

याला आता तीन वर्षं झाली. हे असंच चाललं असतं.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामानं सांगलीला गेलो होतो, तिथून सहज माधवनगरला उतरलो. सोमवार होता. सोमवारी मागांना वीज नसते. शेड इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. जिना चढताना वरून अण्णांचा आवाज आला. कुणाची तरी तालीम चालू असेल म्हणून मी दाराबाहेर थांबलो.

कुणी नव्हतं. अण्णा हलत्या खुर्चीवर बसले होते, टेकून, दोन्ही हात मांड्यांवर. साहेबाच्या खुर्चीवरचा टॉवेल त्यांनी काढून ठेवला होता. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून बोलत होते. आवाज बारीक होता. खाली माग नव्हते ना.

"शांता, तुझं दिवस भरत आलं न्हवतं, सातवाच हुता. चिकोडीहून फोन आला तवा पोलिओची फेरी चालू हुती. मी तुला म्हणलो, साहेबानं रजा दिली न्हाई." इथं ते थांबले. "साहेबानं रजा दिली न्हाई, असं मी म्हणलो. पर मी रजा…"

पुन्हा थांबले. डोकं हलवलं. "हां, परत." आणि परत पहिल्यापासून, "शांता, तुझं दिवस भरत आलं न्हवतं…"

मी जिन्यावर उभा राहून तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी ते वाक्य पुरं झालं.

"…मी रजा मागितलीच न्हवती. नवी ऑर्डर यायची हुती. भ्यालो. तिसऱ्या दिशी आलो तवा पोर गेलं हुतं. तू अजून त्या साहेबाला शिव्या देतीस. त्यो चांगला माणूस हुता, शांता. मागितली असती तर दिली असती त्येनं."

मग ते रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिले. उत्तराची वाट बघत असावेत. बऱ्याच वेळानं चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला.

मी आत जायला हवं होतं. जिन्यावरून खाली येताना मी पायांचा आवाज होऊ दिला नाही.

अण्णा चिकोडीला जाऊन आले की नाही, मला माहीत नाही. विचारायचा मला काही अधिकार नाही. परवाच्या रविवारी ते नेहमीसारखेच होते, नव्या माणसाला जिन्यावर माझी गोष्ट सांगत होते, आणि मी खुर्चीत बसून ती ऐकत होतो.

अण्णा वाचणारे आहेत. हे छापलं गेलं तर त्यांच्या हाती पडेल. पण त्यांनी वाचून कळून घेणं वेगळं, आणि मी सांगणं वेगळं. स्टँडवरून त्या गावाचं नाव मी घेतलं होतं, हे अण्णांच्या समोर बसून, माझ्या तोंडानं सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.